वाळूखालचा निखारा
पवित्र कुटुंबाच्या सणानिमित्त



नाताळचा आनंद अजून आपल्या घराघरांत आहे. अंगणातला गोठा अजून मोडलेला नाही, दारावरची चांदणी रोज रात्री पेटते आहे आणि फराळाचे डबेही पुरते रिकामे झालेले नाहीत. मुलांना सुटी आहे. नोकरीनिमित्त परगावी आणि परदेशी असलेली माणसे चार दिवसांसाठी घरी आली आहेत. अशा वेळी संध्याकाळ झाली की आपली पावले समुद्राकडे वळतात. राजोडी असो, कळंब असो, भुईगाव किंवा रानगाव असो, दिवस बुडाला आणि अंगाला गारवा झोंबू लागला की सुरूच्या झाडांपलीकडे, उघड्या वाळूवर एकेक शेकोटी दिसू लागते.

हा आनंद निर्मळ आहे आणि तो आपण मोकळ्या मनाने घ्यावा. घरी एकाच खोलीत बसूनही ज्यांची तोंडे चार दिशांना असतात, ती माणसे शेकोटीभोवती समोरासमोर बसतात. आजीला जुन्या गोष्टी आठवतात. मुले काटक्या, करवंट्या, सुक्या झावळ्या ओढत आणतात. राखेत रताळी पुरली जातात, कोणी सुका बोंबील निखाऱ्यावर धरतो, कोणी गाणे सुरू करतो. देवाला अशा संध्याकाळी आवडत नसतील असे कोणी समजू नये. वर्षातील सर्वात मोठ्या रात्रीचा विधी, म्हणजे पुनरुत्थानाचा जागरणविधी, ख्रिस्तसभा कुठे सुरू करते ते आठवा. देवळाच्या बाहेर, अंधारात, पेटवलेल्या विस्तवापाशी! त्या विस्तवावरून पास्काची मेणबत्ती पेटते आणि मग आपण सारे आत जातो. आपल्या श्रद्धेला शेकोटी परकी नाही.

म्हणून आज पवित्र कुटुंबाच्या सणाला, वर्ष सरत असताना, आपण या शेकोटीविषयीच थोडे चिंतन करूया.

शेकोटीला दार नसते

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या शेवटी समुद्रकिनाऱ्यावरील एका शेकोटीची हकीकत आहे. संत पौलाला कैदी म्हणून रोमला नेत होते. वादळात सापडलेले त्याचे जहाज चौदा दिवस भरकटले आणि शेवटी माल्टा बेटाजवळ फुटले. जहाजावर २७६ माणसे होती. कोणी पोहत, कोणी फळ्यांना धरून, सगळीच्या सगळी जिवंत किनाऱ्याला लागली. पाऊस पडत होता, थंडी होती. बेटावरच्या लोकांना या माणसांची भाषाही ठाऊक नव्हती. तरी त्यांनी विस्तव पेटवला आणि सर्वांना जवळ घेतले. माल्टात आजही १० फेब्रुवारीला संत पौलाच्या जहाजफुटीचा सण पाळला जातो.

त्या विस्तवाभोवती कोण कोण बसले असेल याचा विचार करा. जहाज फुटण्यापूर्वी खलाशांनी होडी उतरवून, बाकीच्यांना सोडून पळून जाण्याचा डाव मांडला होता. कैदी पोहून निसटतील या भीतीने शिपाई त्यांना ठार मारायला निघाले होते. शताधिपतीने अडवले म्हणून कैदी वाचले. आता तेच खलाशी, तेच शिपाई आणि तेच कैदी, सगळे ओलेचिंब, एकाच विस्तवाकडे हात करून बसले होते. बेटकऱ्यांनी कोणालाही विचारले नाही की तू कोणाच्या बाजूचा. आणि पौल काय करत होता? तो काटक्या गोळा करून विस्तवावर घालत होता.

घराला दार असते, कुंपणाला फाटक असते. कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला नाही हे आपण तिथे ठरवतो. समुद्रकिनारा मात्र सर्वांचा. तिथे पेटवलेली शेकोटी दुरून कोणालाही दिसते आणि जवळ येणाऱ्याला ऊब देते. फुगे विकून दमलेले पोर घटकाभर हात शेकायला आले तर त्याला हुसकावू नये, थोडे सरकून जागा द्यावी. एवढे आपण बहुतेक जण करतोही.

पण दुसरी एक गोष्ट आपल्याला जमत नाही, आणि आज तिच्याविषयीच बोलायचे आहे.

दोन शेकोट्या

या दिवसांत किनाऱ्यावर कधी कधी असे दिसते. एक शेकोटी पेटलेली असते. तिच्यापासून शंभर पावलांवर दुसरी. दोन्हीकडे हसणे-खिदळणे, दोन्हीकडे तीच गाणी. दोन्हीकडची माणसे एकाच आडनावाची, एकाच आजोबांची नातवंडे. पण या शेकोटीवरचा माणूस त्या शेकोटीवर जात नाही. लहान मुलांना हे कळत नाही. ती वाळूतून धावत इकडून तिकडे जातात, तिकडच्या काकीच्या हातचे रताळे खाऊन येतात. मग कोणीतरी त्यांना हळूच सांगते, "तिकडे जायचे नाही." मूल विचारते, "का?" आणि मोठ्यांपैकी कोणालाच चटकन उत्तर देता येत नाही.

उत्तर नसते असे नाही. उत्तर फार जुने असते. वाडीची वाटणी झाली तेव्हा विहिरीकडचा तुकडा कोणाला गेला. कुंपण कोणी फूटभर पुढे सरकवले. जमीन विकली तेव्हा बहिणीची सही घेतली, पण तिचा वाटा दिला नाही. आई आजारी असताना कोण आले आणि कोण आले नाही. लग्नाचे आमंत्रण घरी येऊन दिले की नुसते फोनवर कळवले. निवडणुकीत कोण कोणाच्या मागे उभा राहिला. आपल्या गावांत असे एकही घर नसेल जिथे यातले काही घडलेले नाही. मग दोन भाऊ एकाच देवळात, एकाच मिस्सेला, दोन वेगळ्या बाजूंना बसतात. शांती देण्याची वेळ येते तेव्हा दोघेही आपापल्या शेजाऱ्याला हात जोडतात आणि पलीकडे मात्र बघत नाहीत. त्याच मिस्सेत दोघेही ख्रिस्तशरीर स्वीकारतात.

विचारले तर दोघेही म्हणतील, "आमच्या मनात काही नाही हो. झाले गेले गंगेला मिळाले."

बंधुभगिनींनो, ते खरोखर गंगेला मिळाले आहे, की वाळूखाली झाकले आहे?

वाळू की पाणी

किनाऱ्यावर शेकोटी संपवून निघताना बरेच लोक पायाने वाळू लोटतात आणि विस्तव झाकून टाकतात. ज्वाळा दिसेनाशी होते, धूर थांबतो, वरची वाळू सपाट होते. वाटते, विझले. पण ते विझलेले नसते. वाळूखाली हवा कमी पोहोचते म्हणून निखारा जळून लवकर संपत नाही. तो मंदपणे धुमसत राहतो, आणि वरचा वाळूचा थर त्याची धग आत कोंडून धरतो. असा निखारा कित्येक तास तापलेला राहतो. रात्री झाकलेल्या शेकोटीवर सकाळी पाय पडला तर तो भाजू शकतो. आणि पाय कोणाचा पडतो? ज्याने झाकली तो तर घरी झोपलेला असतो. सकाळी अनवाणी धावत येते ते एखादे मूल. त्याला तिथे फक्त वाळू दिसते.

आपल्या कुटुंबांतही हेच घडते. भांडण केले दोघा भावांनी. त्यांनी ते झाकले आणि आयुष्य काढले. वीस वर्षांनी चटका बसतो त्यांच्या मुलांना. चुलत भावंडांना एकमेकांची नावे ठाऊक नसतात. एकाच्या लग्नात दुसऱ्याच्या घराला कुलूप असते. आजोबांच्या अंत्यविधीला शवपेटी कोणी खांद्यावर घ्यायची यावरून कुजबुज होते. ज्यांनी आग लावली नाही, त्यांचे पाय भाजतात.

मग आपण पाणी का ओतत नाही? कारण वाळू सोपी असते. वाळू टाकली की सारे लगेच शांत होते. निखाऱ्यावर पाणी ओतले की चर्र आवाज होतो, वाफ उठते, राख उडून तोंडावर येते. समेट करायला गेले की पहिल्यांदा असेच होते. जुने शब्द निघतात, डोळ्यांत पाणी येते, आवाज चढतो. लोक म्हणतात, "कशाला उकरून काढायचे? आहे ते बरे आहे." पण समेटाच्या बोलण्यात उठलेली वाफ पाहून घाबरू नये. ती निखाऱ्यापर्यंत पाणी पोहोचल्याची खूण आहे.

पेत्राच्या दोन शेकोट्या

संत योहानाच्या शुभवर्तमानात दोन शेकोट्या आहेत. दोन्ही ठिकाणी योहानाने 'अँथ्राकिआ' हा ग्रीक शब्द वापरला आहे. त्याचा अर्थ कोळशांचा विस्तव. साऱ्या नव्या करारात हा शब्द या दोनच जागी येतो.

पहिला विस्तव प्रमुख याजकाच्या अंगणात आहे. येशूला पकडून आत नेले आहे. रात्र थंड आहे. चाकर आणि शिपाई विस्तव पेटवून शेकत उभे आहेत आणि पेत्रही त्यांच्यात उभा राहून शेकतो आहे. तिथे त्याला विचारले जाते, "तू त्याच्या शिष्यांपैकी ना?" आणि तो नाकारतो. एकदा, दोनदा, तीनदा. शरीराला ऊब मिळते आहे आणि त्याच वेळी तो आपल्या जिवलग मित्राशी असलेले नाते तोडतो आहे. आपल्याही काही शेकोट्या अशाच असतात. ऊब घेता घेता जो तिथे नाही त्याची निंदा रंगते. सगळे हसतात, आपणही हसतो. ज्याच्याविषयी बोलणे चालले आहे तो आपला भाऊ आहे, हे त्या घोळक्यात सांगायचे धाडस आपल्याला होत नाही.

दुसरा विस्तव तिबिर्य सरोवराच्या काठावर आहे. प्रभू मेलेल्यांतून उठला आहे. सात शिष्य रात्रभर जाळे टाकून रिकाम्या हाती परतत आहेत. पहाटे काठावर कोणीतरी उभे आहे. त्याच्या सांगण्यावरून होडीच्या उजवीकडे जाळे टाकताच ते भरून येते. मोठे मासे १५३. "तो प्रभू आहे" हे कळताच पेत्र अंगरखा गुंडाळून पाण्यात उडी घेतो. होडी काठापासून सुमारे २०० हात दूर होती, म्हणजे आजच्या मापाने साधारण ९० मीटर. आपल्या किनाऱ्यावर दोन भावांच्या शेकोट्यांमध्ये असते तेवढेच हे अंतर!

काठावर येऊन पेत्र काय पाहतो? कोळशांचा विस्तव. ज्या वासाने आणि ज्या धगीने त्याला ती भयंकर रात्र आठवावी, नेमके तेच. प्रभूने पेत्राचे पाप वाळूखाली झाकले नाही. "जाऊ दे, विसरून जा," असे तो म्हणाला नाही. त्याने तोच विस्तव पुन्हा समोर मांडला, पण या वेळी त्यावर पेत्रासाठी मासळी आणि भाकर भाजून ठेवली होती.

प्रभू कसा समेट करतो ते नीट पाहूया, कारण आपल्यालाही तसेच करायचे आहे.

पहिली गोष्ट, तो स्वतः आला. ज्याच्यावर अन्याय झाला तो प्रभू होता. पेत्राने येऊन पाय धरावेत अशी वाट त्याने पाहिली नाही. आपण म्हणतो, "चूक त्याची आहे, त्याने पहिल्यांदा यावे." दोन्हीकडून हेच म्हटले जाते आणि वर्षे सरतात.

दुसरी गोष्ट, त्याने पहिल्यांदा खाऊ घातले. रात्रभर राबून भुकेल्या, भिजलेल्या माणसांना त्याने न्याहारीला बोलावले. त्यांनी पकडलेल्या मासळीतूनही थोडी आणायला सांगितली, म्हणजे ते नुसते पाहुणे राहिले नाहीत. बोलणे झाले ते खाणे झाल्यावर. उपाशी आणि दमलेल्या माणसाशी हिशेब मांडू नये, हे प्रभूकडून शिकावे.

तिसरी गोष्ट, त्याने एकच प्रश्न विचारला. "तू असे का केलेस?" असे विचारले नाही. आपल्यावर प्रेम आहे का, एवढेच विचारले, आणि तेही तीनदा. तीनदा नाकारणाऱ्याला तीनदा होकार देण्याची संधी मिळाली. तिसऱ्या वेळी पेत्राला वाईट वाटले, असे योहान सांगतो. वाफ उठली ती इथे. पण निखारा विझला.

चौथी गोष्ट, त्याने पेत्रावर विश्वास टाकला. आपली मेंढरे त्याच्या हाती सोपवली. क्षमा केली म्हणून कायम एका कोपऱ्यात बसवून ठेवले नाही.

एक खुलासा

क्षमेविषयी बोलताना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. समेट म्हणजे अन्याय गिळणे नव्हे. घरात मारहाण होत असेल, दारूपायी बायको-मुलांचा छळ होत असेल, तर "सहन कर, कुटुंब सांभाळ" असे सांगणे म्हणजे धगधगत्या आगीवर वाळू टाकणे आहे. तिथे जीव वाचवणे पहिले. अशा भगिनींनी गप्प राहू नये. घरातल्या विश्वासाच्या माणसांना, धर्मगुरूंना, धर्मभगिनींना सांगावे आणि गरज पडेल तिथे पोलिसांची व कायद्याची मदत घ्यावी. तसेच बहिणीचा वाटा बुडवलेला असेल, तर नुसते गोड बोलून समेट होत नाही. वाटा परत द्यावा लागतो. जक्कयानेही प्रभूला घरी जेवू घातले आणि ज्याला फसवले त्याला चौपट परत करण्याचे वचन दिले. जमिनीचा दावा कोर्टात चालू असेल तर तो चालू द्या, निकाल लागायचा तेव्हा लागेल. पण त्यासाठी भावाच्या मुलाच्या लग्नाला जाऊ नये असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही.

या आठवड्यात

गोव्यात आणि मुंबईच्या ख्रिस्ती वस्त्यांत ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री जुन्या वर्षाचा 'म्हातारा' जाळतात. गवत-कापडाचा म्हातारा जाळणे सोपे आहे. आपण या वर्षी त्याच्याबरोबर मनातली एखादी अढीही काढून टाकूया. १ जानेवारीला आपण देवमाता मरियेचा सण साजरा करतो. पोप सहावे पॉल यांनी सुरू केल्याप्रमाणे १९६८ पासून हाच दिवस जागतिक शांतिदिन म्हणूनही पाळला जातो. जगातील शांतीसाठी प्रार्थना करण्याआधी आपल्या वाडीच्या कुंपणापलीकडे पाहूया.

किनाऱ्यावर जाल तेव्हा काही गोष्टी जरूर पाळा. जिथे मनाई आहे तिथे शेकोटी पेटवू नका. सुरूच्या झाडांखाली, सुक्या पाल्यावर पेटवू नका. प्लास्टिक आणि रंग-डांबर लागलेली लाकडे जाळू नका. काचेच्या बाटल्या वाळूत ठेवू नका. ओहोटीला पाणी फार दूर जाते, तेव्हा काडी लावण्यापूर्वीच एक-दोन बादल्या पाणी भरून जवळ ठेवा. निघताना निखारे काठीने पसरा, पाणी ओता, ढवळा, पुन्हा ओता. धग उरली नाही याची खात्री करूनच निघा.

आणि दुसरी शेकोटी दिसली, तर काटक्यांची एक मोळी उचला आणि ते शंभर पाऊल अंतर चालून जा. फार बोलायची गरज नाही. "तुमच्याकडे लाकडे कमी पडली असतील म्हणून आणली," एवढे म्हटले तरी पुरे. ज्यांना किनाऱ्यावर जाणे जमत नाही, त्यांनी फराळाचे एक ताट घेऊन त्या घरी जावे. पाय जड होतील. पेत्राचेही झाले असतील. तिथे दार उघडले नाही तर मन खट्टू करू नका, ताट ओट्यावर ठेवून या. तुम्ही तुमच्याकडून पाणी ओतले आहे. आणि ज्यांना हे पाऊल उचलायला बळ हवे आहे, त्यांनी त्याआधी प्रायश्चित्त संस्कार स्वीकारावा. आपल्यालाही कोणीतरी क्षमा केलेली आहे, हे तिथे कळते.

प्रार्थना करूया : हे प्रभू येशू, तू पहाटे काठावर विस्तव पेटवून आपल्या मित्रांची वाट पाहिलीस. आमच्या मनात वाळूखाली झाकलेले जे काही धुमसते आहे ते तुला ठाऊक आहे. ते उघडे करायचे धैर्य आम्हांला दे आणि ते विझवायला तुझ्या कृपेचे पाणी दे. येशू, मरिया, योसेफ, आमच्या चुलीपाशी आणि आमच्या शेकोटीपाशी बसा. जो भाऊ, जी बहीण आज आमच्यात नाही, तिची जागा आम्ही मोकळी ठेवू. आमेन.

आपणां सर्वांना नाताळच्या व नूतन वर्षाच्या शुभेच्छा!